काजूच्या भाटीची वंशावळ

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य तीसहून अधिक वर्षं गोव्यात राहिला. औषधी वनस्पतींवरचं त्याचं संवादरूप पुस्तक 1563 साली गोव्यातच छापलं गेलं. नारळावरच्या संवादात तो माडाच्या सुरीबद्दल, म्हणजे माड छेदून काढलेल्या रसाबद्दल, लिहितो. ती भट्टीवर चढवून तिची कडक दारू कशी काढतात आणि पहिल्या धारेची कशी चढी असते, हेही सांगतो. आंबा, फणस, सुपारी, दालचिनी, सगळं त्याच्या पुस्तकात आहे. काजू नाही. पंधरा वर्षांनी, 1578 मध्ये, क्रिस्तोव्हाव द कोस्ता या दुसऱ्या वैद्याचं पुस्तक स्पेनमध्ये निघालं, त्यात काजू आहे. त्याने ते झाड कोचीनच्या बागांमध्ये पाहिलं होतं.

आज जिला आपण गोव्याची फेणी म्हणतो, तिचा मागोवा या दोन पुस्तकांपासून घ्यावा असं मला वाटतं. गाळण्याची विद्या इथे आधी होती, फळ नंतर आलं. काजूच्या भाटीचे, म्हणजे दारू गाळण्याच्या भट्टीचे, आईबाप एका गावचे नाहीत. भांडं माडाच्या घरातलं, झाड ब्राझीलचं आणि ती कुठे जगावी, कुठे मरावी हे ठरवणारा कायदा मुंबईचा. या तिसऱ्या पूर्वजाबद्दल फारसं कोणी बोलत नाही, पण एका कुटुंबाने आपल्या बागेत आपल्या फळाची दारू गाळावी की नाही, हे शेवटी त्यानेच ठरवलं.

आधी झाड. काजू मूळचा ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्याचा. तिथले तुपी लोक बोंडाचा रस आंबवून पीत. आंद्रे थेवे या फ्रेंच साधूने 1557 च्या सुमारास ब्राझीलवर पुस्तक लिहिलं, त्यातल्या एका लाकडी ठशाच्या चित्रात माणसं काजूची बोंडं काढताना आणि त्यांचा रस पिळताना दिसतात. पोर्तुगीज जहाजांबरोबर झाड भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरलं, त्याआधी बोंडाचा रस काढून आंबवण्याची कल्पना ब्राझीलमध्ये चांगली रुजलेली होती. बी महत्त्वाची झाली फार उशिरा, विसाव्या शतकात, परदेशातून काजूगराला मागणी आली तेव्हा. त्याआधीची कित्येक शतकं काजू म्हणजे मुख्यतः बोंडू. आज बाजाराने हा क्रम उलटा केला आहे. व्यापारी बी मोजतो आणि बोंडू जमिनीवर राहतो.

आता भांडं. कोकण किनाऱ्यावर माड छेदून सूर काढणं हा भंडाऱ्यांचा पिढीजात धंदा, गोव्यात रेंदेरांचा. सूर सकाळी गोड, दुपारी आंबट आणि संध्याकाळी ताडी होते. ती टिकवायची तर गाळायला हवी. म्हणून सूर काढणाऱ्याच्या घराजवळ भाटी असायचीच. मातीचं मोठं भाण, त्याच्या तोंडावर झाकण, झाकणातून बाहेर पडणारी बांबूची नळी आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला पाण्यात बसवलेली लावणी, म्हणजे वाफ गार होऊन जिच्यात थेंब पडतात ती मातीची घागर. हा सगळा सरंजाम कुंभाराच्या आणि सुताराच्या हातचा. गोव्याची ही माडाची दारू सतराव्या शतकात इतकी नावाजलेली होती की सुरतेचे आणि मुंबईचे इंग्रज आपल्या पंचसाठी गोव्याची अरक मागवत. काजूचं झाड डोंगरउतारांवर फोफावलं तेव्हा त्याचा रस घालायला नवं भांडं शोधावं लागलं नाही. भाण होतं, लावणी होती, हात होते.

हे हात काय करतात ते जवळून बघण्यासारखं आहे. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेपर्यंत रोज सकाळी झाडाखाली पडलेली बोंडं वेचायची. पिकून आपोआप पडलेलंच बोंड घ्यायचं, काढलेलं घेतलं तर रसाला तुरटपणा येतो, घशाला टोचतो. वेचण्याचं काम बहुतेक ठिकाणी घरच्या बायकांचं. जागेवरच बी पिळून वेगळी होते आणि बोंड कोळमीत जातं. कोळमी म्हणजे डोंगरातल्या जांभ्या दगडात कोरलेलं उथळ टाकं, एका बाजूला उतार आणि उताराच्या टोकाला रस बाहेर पडण्यासाठी भोक. त्यात अनवाणी पायांनी बोंडं तुडवतात. रस भोकातून खालच्या मडक्यात पडतो. उरलेला चोथा हाताने ढिगाऱ्यासारखा रचून वेलीने आवळतात आणि वर जड दगड ठेवतात. रात्रभर त्यातून जो रस ठिबकतो तो नीरो. तो न आंबलेला, पारदर्शक, गोड. तो भाटीत जात नाही, घरच्यांच्या आणि आल्यागेल्यांच्या पेल्यात जातो. मार्चच्या उन्हात डोंगर चढून आल्यावर मी जे काही प्यायलोय त्यात नीरोची सर कशालाच नाही.

तुडवून काढलेला रस कोड्यात, म्हणजे मोठ्या मडक्यात किंवा आता बऱ्याच ठिकाणी प्लास्टिकच्या पिंपात, दोन-तीन दिवस आंबतो. त्यात खमीर घालत नाहीत, पाणी नाही, साखर नाही. झाडाच्या आणि हवेच्या अंगचं खमीरच ते काम करतं. फेस बसला की रस भाणात. भाण आता तांब्याचं. झाकणाची आणि नळीची फट बंद करायला रोयणीची, म्हणजे वारुळाची, ओली माती लागते. वारुळाची माती बारीक आणि चिकट. आगीने तडकत नाही, वाफ सोडत नाही. वाळवीने एकेक कण लाळेने बांधलेला असतो, त्याचा हा गुण. खाली लाकडं पेटतात आणि लावणीवर करवंटीच्या दवल्याने सतत गार पाणी ओतत राहावं लागतं. पाणी थांबलं की वाफ निसटते आणि वास सगळ्या वाडीभर पसरतो. पहिल्या गाळणीची ती हुर्राक, साधारण चौदा-पंधरा ग्रावची. हुर्राक टिकत नाही, ती त्याच हंगामात संपवायची. हुर्राकमध्ये पुन्हा आंबलेला रस मिसळून गाळली की फेणी, एकोणीस-वीस ग्रावची, म्हणजे आजच्या हिशेबाने चाळीस टक्क्यांच्या थोडं वर अल्कोहोल. हा ग्राव, म्हणजे कडकपणाचा अंश, जुन्या फ्रेंच कार्टिये मापाचा. फ्रान्समध्ये तो केव्हाच मागे पडला, गोव्याच्या डोंगरात अजून चालतो.

सत्तरीत एका भाटीवर मी एका म्हाताऱ्याला विचारलं, की काका, तुम्ही ग्रावचं यंत्र वापरत नाही? तो म्हणाला, ‘यंत्र कित्याक जाय? वासाचेर कळटा.’ मग त्याने पेल्यात उंचावरून थोडी फेणी ओतली आणि पेला उजेडात धरला. काठाशी बारीक मण्यांची माळ उठली आणि थोडा वेळ टिकली. माळ लगेच फुटली तर फेणी हलकी, फार वेळ राहिली तर जास्त कडक. त्याचा मुलगा बाजूला उभा राहून हे बघत होता. त्याला तो गुण येईल की नाही हे काही त्या एका हंगामात ठरणार नव्हतं. हातात बसायला अशा बऱ्याच उन्हाळ्यांची माळ लागते.

आता कायदा.

सत्तरी, डिचोली, पेडणे हे आजचे काजूचे प्रदेश अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत गोव्यात नव्हते. सावंतवाडीकर भोसल्यांच्या ताब्यातून ते पोर्तुगीजांकडे गेले. म्हणजे सावंतवाडीकडे राहिलेला दोडामार्गचा डोंगर आणि गोव्यात गेलेला सत्तरीचा डोंगर, दोन्हींवर काजू सारखाच. दोन्हीकडची माती, पाऊस, माणसं, नातीगोती एक. फरक पडला तो पुढच्या शतकात, इंग्रजांच्या तिजोरीमुळे.

1878 साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आला. त्याआधी गावोगाव, पाड्यापाड्यावर मोहाची, ताडी-माडाची दारू थोड्याफार करावर गाळली जायची. नव्या कायद्याने गाळण्याचा अधिकार सरकारच्या परवान्याखाली, थोड्या ठिकाणच्या मोठ्या भट्ट्यांमध्ये आणला आणि झाडाला कर लावला. उत्तर कोकणात त्याचा सर्वात जास्त फटका आदिवासींना बसला. त्यांच्या घरातली मोहाची भट्टी बेकायदा झाली आणि त्याच मोहाची दारू उरणच्या भट्ट्यांतून येऊ लागली, ती दुकानातून पैसे टाकून घ्यायची. 1892 मध्ये तर मोहाच्या फुलांवरच कायदा आला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुलं जवळ बाळगण्यावर निर्बंध आले. जंगलात पडलेलं फूल वेचून घरी आणणं हा गुन्हा ठरवावा लागला, कारण तसं केल्याशिवाय घरची भट्टी बंद होत नव्हती. हे मी सौम्य शब्दांत लिहू शकत नाही. एका माणसाच्या अंगणातलं भांडं मोडून त्याला दुकानाच्या दारात उभं करणं, त्यातून सरकारचं उत्पन्न वाढवणं आणि वर त्याला सुधारणेचं नाव देणं, हा अन्यायच होता.

हा कायदा गोव्याच्या सीमेवर अडला असता तर गोव्याची दारू मुंबई इलाख्यात येऊन इंग्रजांचं उत्पन्न बुडवत राहिली असती. म्हणून 26 डिसेंबर 1878 रोजी लिस्बनमध्ये इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला. मुरगावचं बंदर आणि रेल्वे ही त्या कराराची ठळक बाजू, पण त्यात मिठाची मक्तेदारी होती, समाईक जकात होती आणि गोव्याने मुंबईच्या धर्तीवर अबकारी लावावी असंही होतं. मिठाचे गोव्यातले आगर त्या करारात हलाखीला आले. माडावर आणि भाटीवर कर बसला. करार 1880 पासून अंमलात आला आणि 1892 मध्ये संपला. अबकारी हा शब्द आणि परवान्याची पद्धत मात्र गोव्यात राहिली.

इथे त्या दोन डोंगरांची वाट वेगळी झाली. गोव्यात कर आला, पण भाटी घरची राहिली. पोर्तुगीज राज्याला इतकी मोठी मध्यवर्ती भट्टी उभी करण्याची ना ताकद होती ना हौस. डोंगर गावकरीच्या, म्हणजे गावाच्या सामाईक संस्थेच्या, मालकीचे, काजूचं उत्पन्न लिलावाने द्यायचं आणि घेणाऱ्याने आपली भाटी लावायची, ही घडी चालू राहिली. सीमेपलीकडे मुंबई इलाखा, मग मुंबई राज्य. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आणि 1950 पासून संपूर्ण दारूबंदी. त्या कायद्याच्या पासष्टाव्या कलमात दारू गाळणं तर गुन्हा आहेच, गाळण्याची भांडी आणि साहित्य जवळ ठेवणंही गुन्हा आहे. म्हणजे ज्या घरात भाण आणि लावणी होती, ते घर भांड्यांसकट गुन्हेगार झालं. त्याच सुमारास गोवा पोर्तुगीजांकडे होता, आणि गोव्यात भाट्या पेटत होत्या. गोव्याचा माल रात्री होडीने आणि डोंगरवाटेने सावंतवाडी, वेंगुर्ल्याकडे यायचा. दक्षिण कोकणातली जुनी माणसं त्या दिवसांबद्दल अजून बोलतात.

1961 मध्ये गोवा मुक्त झाला, 1964 मध्ये गोव्याचा स्वतःचा अबकारी कायदा आला आणि काजूच्या भाटीला त्यात जागा मिळाली. गोवा महाराष्ट्रात विलीन झाला असता तर फेणीचं काय झालं असतं, याचा विचार 1967 च्या सार्वमताच्या चर्चेत फारसा होत नाही. मला तो मुद्दा लहान वाटत नाही. महाराष्ट्राने पुढे परवान्यांची पद्धत आणून दारूबंदी सैल केली तरी 1949 चा तोच कायदा महाराष्ट्रात अजून उभा आहे, फक्त नाव बदलून. गोव्यात मात्र अबकारी खातं दरवर्षी काजूच्या विभागांचा लिलाव करतं. बोली लागलेल्या माणसाला त्या हंगामात त्या विभागातल्या बोंडांची दारू गाळण्याचा हक्क मिळतो. वर्षाला तीन महिने चालणारा, डोंगरावरच्या झावळ्यांच्या शेडमध्ये बसणारा, एका कुटुंबाचा धंदा कायद्याच्या कागदावर धरता येतो, हे गोव्याने दाखवून दिलं.

अडचण पुढे आली. फेणी कित्येक वर्षं ‘देशी दारू’ या वर्गात होती, त्यामुळे गोव्याबाहेर तिला मान नव्हता आणि बाजारही नव्हता. बाटलीवर फेणी लिहून आत मळीच्या अल्कोहोलची भेसळ करणारे झाले आणि खऱ्या भाटीवाल्याचं नुकसान होऊ लागलं. गोव्यातल्या काजू फेणीच्या गाळणाऱ्यांनी आणि बाटल्या भरणाऱ्यांनी एकत्र येऊन भौगोलिक निर्देशांकाची मागणी केली आणि 2009 मध्ये काजू फेणीला तो मिळाला. 2016 मध्ये गोव्याच्या विधानसभेने कायदा दुरुस्त करून फेणीला देशी दारूच्या यादीतून काढून वारसा पेय ठरवलं. 2021 मध्ये फेणीचं धोरण आलं. माडाची फेणी, जिने काजूला भांडं दिलं, ती मात्र मागे पडली आहे. माडावर चढणारे रेंदेर कमी झाले, नवी पिढी चढायला तयार नाही. वंशावळीत हे होतं. थोरल्याची विद्या धाकटा पुढे नेतो.

आता सीमेच्या या बाजूला या. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 असे जास्त उत्पन्नाचे काजूचे वाण दिले. 1990 मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि सिंधुदुर्ग, रत्नागिरीचे डोंगर काजूने भरले. हे महाराष्ट्राचं फार मोठं यश आहे. पण एक किलो बीमागे साधारण आठ-दहा किलो बोंडं येतात. ती जातात कुठे? बरीच झाडाखालीच कुजतात. माशा घोंघावतात आणि आंबट वास एप्रिलभर बागेत राहतो. सीमेजवळच्या गावांतून काही बोंडं टेम्पोत भरून गोव्याच्या भाट्यांवर जातात. एकाच डोंगराच्या एका उतारावर तेच बोंडू हंगामाची रोख कमाई आणि दुसऱ्या उतारावर कचरा.

हे चालत नाही हे सरकारलाही कळतं. द्राक्षासाठी सरकारने केलं तेवढं बघा. 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणाने वाइनवरचं उत्पादन शुल्क माफ केलं, परवाने सोपे केले, विंचूरला आणि सांगलीत पलूसला वाइन पार्क उभे केले. नाशिकच्या शेतकऱ्यांनी कर्ज काढून वायनऱ्या टाकल्या. 2008 च्या मंदीनंतर त्यांतल्या अनेक बंद पडल्या, कारण टाक्या, यंत्रं आणि बाटल्यांचा खर्च मोठा, बाजार मोठ्यांच्या हाती आणि कर्जाचा हप्ता दर महिन्याला. त्या शेतकऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांना ज्या आकाराचा कारखाना सुचवला गेला, तो आकारच एका कुटुंबाला पेलणारा नव्हता.

काजूला वेगळा आकार लागतो आणि तो फळानेच सांगितला आहे. द्राक्ष थंड साठवणीत काही दिवस राहतं, बोंडू दुसऱ्या दिवशी काळं पडतं. त्याची साल पातळ, पाणी भरपूर, साखर दहा-बारा टक्के, वारा लागला की आंबायला सुरुवात. पन्नास किलोमीटरवरच्या कारखान्यात ते पोहोचेपर्यंत त्याचा अर्धा गुण गेलेला असतो. म्हणून भाटी बागेच्या पायथ्याशी असते. झाडं जितकी, तितकंच भाण. दीडशे-दोनशे झाडांच्या बागेला एक भाण आणि चार-पाच माणसं पुरतात. मोठी मशिनरी लागत नाही. रोयणीची माती डोंगरावर फुकट आहे आणि लाकडंही त्याच बागेच्या छाटणीतून येतात. फेणीची गोडी शहरातल्या बारमध्ये वाढते आहे आणि गोव्यातली काही घरं आता आपल्या नावाने, आपल्या डोंगराच्या नावाने बाटल्या विकतात. त्यांनी नवं फारसं काही केलं नाही. आजोबा जे गाळत होते, ते स्वच्छ गाळून त्यावर नाव टाकलं.

2022 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने काजू, मोह अशा स्थानिक फळाफुलांच्या मद्याला देशी दारूच्या वर्गातून काढून विदेशी मद्याच्या वर्गात टाकण्याचा निर्णय घेतला. किंमत मिळण्याच्या दृष्टीने तो चांगला. पण त्याचा उपयोग कोणाला होणार हे परवान्याच्या आकारावर ठरेल. परवाना कारखान्याचा असेल तर बोंडं पुन्हा टेम्पोत भरून जातील, फक्त गोव्याऐवजी एमआयडीसीत. ज्याला मार्च ते मे एवढ्या तीन महिन्यांत आपल्या बागेच्या पायथ्याशी एक भाण लावायचं आहे, त्या घराला हंगामी, थोड्या फीचा परवाना मिळायला हवा. सोबत दर हंगामाला माल तपासणारा माणूस हवा, कारण मिथेनॉलची भीती खरी आहे आणि ती तपासणीने दूर होते, बंदीने नाही. गोव्यात ही हंगामी परवान्याची पद्धत सावंतवाडीपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या आत चालू आहे, लिलावाच्या तारखा आणि फी यांच्यासकट. तिथून सकाळच्या एसटीने निघालं तर दुपारपर्यंत पणजीच्या अबकारी खात्यात बसून ती पद्धत समजून घेता येईल. आमच्या अधिकाऱ्यांनी पुढच्या काजूच्या हंगामाआधी तेवढं तरी करावं.